शेरा

विट्याबाहेर, बंद पडलेल्या खडी क्रशरच्या मागे
आमची दीड एकर बाग.
फाटकाला कुलूप आहे, किल्ली दगडाखाली,
आणि दगड कोणता ते अर्ध्या गावाला ठाऊक.

रविवारी सातला जमायचं.
आप्पासो मंडले साडेसहालाच हजर.
तेहतीस वर्षं कोइमतुरात सोनं गाळलं,
बोटांची टोकं ॲसिडनं गुळगुळीत झालीत,
बँकेतलं मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही.
अंजनाचं रोप ओळखतं, असं ते म्हणतात.
आम्ही कुणी खोडून काढत नाही.

शकीला मुल्ला गोडेतेलाचे डबे कापते,
खिळ्यानं ठोकून पत्र्यावर नावं पाडते:
मेढशिंगी. वावळ. हिवर. पाचुंदा.
एकदा बारतोंडीवरचा अनुस्वार राहिला,
तर बुधवारीच रिक्षा करून आली
एक ठोका मारायला.

जिनपाल चौगुल्यांचं दुकान द्राक्षाच्या औषधांचं.
सहा दिवस तणनाशक विकतात,
सातव्या दिवशी उकिडवे बसून तण हातानं उपटतात.
"इथं प्रायश्चित्त फुकट आहे हो," म्हणतात,
आणि गुडघे धरून उठतात.

माझ्याकडे पाण्याच्या पाळीची वही.
नाव, कॅन किती, आणि शेवटी शेरा.
'पाळी चुकली, सासरे वारले.'
'पाळी चुकली, कारण दिले नाही.'
'दोन कॅन जास्त, आपट्यावर माया.'

मे महिन्यात कुणी पाहुणे येणार होते.
कॉलेजची मुलं आदल्या दिवशी आली, मन लावून राबली.
खर्चुडीचा वाफा त्यांना मोकळाच दिसला.
उन्हाळ्यात तिचं वर काही नसतंच,
जे काही ते मातीच्या पोटात, बोराएवढं.
त्यांनी पाटी उपटली, मुरूम पसरला,
दोन्ही बाजूंनी फक्की मारून सरळसोट रस्ता काढला.
पाहुणे नेमके तिथंच उभे राहिले,
फोटो चांगला आला.

शकीला वाकडी झालेली पाटी मांडीवर घेऊन
हातानंच सरळ करत बसली.
त्या दिवशीचा शेरा मी लिहिला नाही.

कुंपणापलीकडं रखमाबाई ठोंबरे, शेरडं घेऊन.
"कोण गेलं वो?"
सांगितलं.
"खरपुडी व्हय? पोरपणी वट्यात भरून आणायचो की.
राकंत भाजून खायाची. ग्वाड लागती."
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
आमच्या वहीत तिचे सगळे मिळून एकोणीस कंद होते.
"आसंल खालीच," ती म्हणाली,
"तुडवल्यानं काय हुतंय तिला?
तुमी उकरून बघू नगा, तेवढं करा."

तेवढं करणं फार अवघड होतं.
ज्येष्ठ गेला, आषाढ गेला.
कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे
त्या रस्त्याच्या कडेकडेनं, काट्यातून चालत होते.
आप्पासो तर चपला काढून.

श्रावणातल्या तिसऱ्या रविवारी मुरमातून दोन दोरे वर आले,
शिवणकामातल्या दोऱ्याएवढे,
अगदी मधोमध.
त्या मुलांतला एक, हर्षद, त्या दिवशी आला होता.
कान लाल झाले त्याचे.
काही न बोलता फक्कीची पाटी उचलली,
जुनी रेघ पायानं पुसली,
आणि नवी मारली, वळसा घालून.

आता तिथं रस्ता उगाचच वळल्यासारखा वाटतो.
बाहेरचे लोक म्हणतात, काय छान कल्पना.

भाद्रपदात पहिला कंदील लागला,
करंगळीएवढा, आत जांभळट अंधार.
रखमाबाईला मुद्दाम बोलावून दाखवला.
तिनं खूप वेळ पाहिलं.
"ह्याला फूल येतंय व्हय," म्हणाली.
"आमी कवा येऊच दिलं न्हाई."
मग जाता जाता फाटकापाशी थांबून,
"वाढली म्हंजे एक द्याल का वो, चाखाया?"

जिनपालशेठ हसले, शकीला हसली नाही.
मी वही उघडली.
मे महिन्यातला तो शेरा कोराच होता.
तिथं लिहिलं: रस्ता दोन हात सरकला.
आणि खाली, जागा होती म्हणून:
रखमाबाई ठोंबरे यांचे देणे, कंद एक.